सुपारीवाले नाना

नानांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. माझा मंडपाचा धंदा, म्हणून मी 'मंडप'. "ओ मंडप, इकडे ये." चार लोकांत, माझ्या बायकोसमोर, एकदा तर माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा. शिरपूरकडचा माणूस असला की तो 'शिरपूर', पारोळ्याचा असला की 'पारोळा'. नावं लक्षात राहत नव्हती असं मुळीच नाही. कोणाचं मामेकूळ कुठलं, कोणाची पोरगी कोणत्या गावाला दिली, सगळं तोंडपाठ. पण माणूस कुठून आला आणि काय करतो एवढं समजलं की तो आपल्याला समजला, असं त्यांना वाटायचं. मी बरीच वर्षं मनातून चिडलो. मग सवय झाली. आता मंडप म्हणून हाक मारणारं कोणी नाही, तर चुकल्यासारखं होतं.

अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, खिशात कापडी बटवा. बटव्यात सुपाऱ्या आणि एक पितळी अडकित्ता. स्वतः सुपारी खात नसत, खायला दात कुठे होते? आमच्या खानदेशात सोयरीक ठरली की चार माणसांसमोर सुपारी फोडतात. ती फुटली की बोलणं संपलं, मग मागे फिरायचं नाही. सुरतेत येऊन कापडाच्या लूमवर उभं राहिलेल्या आमच्या लोकांनी गाव मागे टाकलं, पण सुपारी सोडली नाही. सुरतेतल्या आमच्या लिंबायत वस्तीत निम्म्या घरांची सुपारी नानांच्या अडकित्त्याने फुटली असेल. माझीही त्यातच. त्याबद्दल मी त्यांना अधूनमधून दोन शब्द सुनवायचो, अर्थात मनातल्या मनात.

नानांची नोकरीही लूमवरच झाली. त्या खडखडाटात जन्म गेला, त्यात कान गेले, आणि कान गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. नाना कुणाच्या कानात काही सांगायला लागले की गल्लीच्या तोंडावरचा रिक्षावाला मान वळवून ऐकायचा. "पोरीला जरा राग लवकर येतो, पण हे कोणाला सांगू नको," असं त्यांनी एकदा मुलाच्या काकाला सांगितलं, तेही मुलीच्याच दारात उभं राहून. आतून मुलगी म्हणाली, "सांगा ना नाना, सगळ्यांना सांगा." ते लग्न झालं आणि चांगलं चाललंय. नवरा जरा दबून असतो, एवढंच.

आणखी एक खोड म्हणजे चहा. कोणाच्याही घरी गेले की चहा समोर ठेवून घेत, पण बोलणं पक्कं होईपर्यंत कपाला हात लावत नसत. चहा थंड होई, वर साय धरे, घरातल्या बाईचा जीव वरखाली होई. नानांनी कप उचलला की आतल्या खोलीतून बांगड्यांचा आवाज यायचा, म्हणजे जमलं. आणि न पिता उठले की त्या घरात त्या दिवशी कोणी नीट जेवत नसे. मी एकदा म्हटलं, "नाना, चहाने काय घोडं मारलंय तुमचं?" तर म्हणाले, "मंडप, गरम चहा पिऊन घाईत हो म्हननारा लोके मी भलता दखेल शेतस." घाईघाईत हो म्हणणारे लोक खूप पाहिलेत, असं त्यांचं म्हणणं.

आता या माणसाचा क्रिकेटशी काय संबंध? काडीचाही नाही. ओव्हर म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांना समजला तो फक्त एक शब्द, आणि त्या शब्दाने त्यांचं टाळकं फिरलं.

आमच्याकडे दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणात टेनिस बॉलची स्पर्धा व्हायची. संघ तालुक्यावरून पडायचे: हे शिरपूरवाले, ते अमळनेरवाले, तिकडे चोपडा. फायनलला मारामारी ठरलेली. दरवर्षी माझ्या खुर्च्या मोडायच्या. मग पोरांनी टीव्हीवर पाहून खेळाडूंचा लिलाव करायचं ठरवलं. सगळे तालुके एकत्र, कप्तानांनी बोली लावायची, सुताराकडून एक हातोडीसुद्धा आणली. माइक माझाच होता. बऱ्याच जणांवर बोली लागली. मग आला रमेश, साडीच्या घड्या घालणाऱ्या खात्यातला, पस्तिशीचा, पोट थोडं सुटलेला. सोबत त्याची छोटी मुलगी, नवीन फ्रॉक घालून. कोणी हात वर केला नाही. माइकवरच्या पोराने हातोडी आपटली आणि म्हणाला, "अनसोल्ड." लोक हसले. मुलीने विचारलं, "पप्पा, अनसोल्ड म्हणजे काय?" रमेश म्हणाला, "म्हणजे आता घरी जायचं."

नाना पुढच्याच खुर्चीवर बसलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या पोरीने विचारलं कसं आणि बापाने सांगितलं कसं, ते त्यांनी पाहिलं. ते उठले. माइकची त्यांना गरज नव्हती.

"बैलबाजार मांडा का रे तुम्ही आठे? माणसाचा लिलाव होत नाही. माणसाची सोयरीक होते."

हसणं जागच्या जागी थांबलं. कोणीतरी म्हणालं, "नाना, मग तुम्हीच करा." त्याने चेष्टेत म्हटलं होतं. नानांनी ते खरं धरलं आणि पुढच्या वर्षापासून आमच्या खेळाडूंची निवड नाना करू लागले. तिचं नाव पडलं सुपारी.

नानांची सुपारी म्हणजे बघण्याचा कार्यक्रमच. खेळाडूने समोर खुर्चीवर बसायचं. कप्तान पहिल्या रांगेत, हातात पोह्यांच्या बश्या. नाना प्रत्येकाची ओळख करून द्यायचे. पोरं सांगायची, "नाना, हा डावखुरा स्पिनर आहे." नाना म्हणायचे, "ते राहू दे. घरी कोन कोन शे?" आई आजारी असली तर ते कप्तानाला आधीच सांगून ठेवायचे, सकाळची मॅच याला देऊ नका. पटांगणाच्या फाटकाशी कोण चपला सरळ काढतो आणि कोण भिरकावतो, तेही बघायचे. मागणीची पाळी पंगतीसारखी: पहिल्या पंगतीला जो आधी, तो दुसऱ्या पंगतीला शेवटी, म्हणजे चांगलं चांगलं एकाच्याच पानात जाणार नाही. एका गावचे दोघांपेक्षा जास्त एका संघात नकोत, कारण एका कुळात सोयरीक होत नसते. कप्तानाने मागणी घातली आणि खेळाडूने मान हलवली की नाना सुपारी फोडून दोघांच्या हातात एकेक खांड ठेवत. शेवटच्या फेरीला पाळी नसे. जे राहिलेत त्यांना ज्याच्याकडे जागा असेल त्याने मागायचं. दोघांनी मागितलं तर खेळाडू सांगेल तिकडे. आणि सुपारीशिवाय कोणी घरी जायचं नाही. पण नाना कुणाच्या गळ्यातही मारत नसत, हा त्यांचा सगळ्यात अवघड नियम होता. मागणी मनापासून यायला हवी, मग तोपर्यंत पटांगणात कितीही वेळ बसावं लागो.

पहिल्याच वर्षी या नावाने घोटाळा केला. नानांनी नातवाकडून मोबाइलवर निरोप पाठवला: 'रविवारी शाळेच्या पटांगणात सुपारी फुटणार. सगळी नावं ठरली आहेत. कोणीही सुटणार नाही.' हा निरोप फिरत फिरत कुठे गेला देव जाणे. रविवारी आम्ही खुर्च्या मांडतोय तर दोन पोलीस हजर. त्यातला थोरला गुजरातीत विचारतो, "काका, कोनी सोपारी छे?" नाना शांतपणे म्हणाले, "आ बधा छोकराओनी." सगळ्या पोरांची. शिपायाने बटवा उघडायला लावला, तर आतून निघाल्या खऱ्याखुऱ्या सुपाऱ्या. पुढे पाऊण तास समजावणं चाललं. शेवटी पोलीस पोहे खात पहिल्या रांगेत बसले, आणि नाना धाकट्याला विचारत होते, "साहेब, लगन थई गयुं?" पुढच्या वैशाखात त्याची सुपारी नानांनीच फोडली. मंडप माझा होता.

पण नाना खरे काय होते, ते मला सुनीलच्या वेळी समजलं.

सुनील आमच्या भागातला सगळ्यात चांगला विकेटकीपर. लूमवर बारा तास उभा राहून आला तरी मांजरासारखा चपळ. त्या वर्षी फायनलला तो प्रकाशच्या संघात होता. प्रकाश कप्तान, आणि शेवटची ओव्हरही तोच टाकत होता. समोरचा कप्तान दिनेश, आणि दिनेश म्हणजे सुनीलच्या बायकोचा सख्खा भाऊ. शेवटच्या बॉलवर दिनेशच्याच बॅटची कड लागली, कॅच सरळ सुनीलच्या हातात आला आणि खाली पडला. तेवढ्यात लागणारी एक धाव निघाली आणि दिनेशचा संघ जिंकला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सुरू झालं: मेहुण्यासाठी सोडला. प्रकाशने तर चहाच्या टपरीवर उभं राहून सांगितलं, "सुटला नाही, सोडला." एवढाच फरक, सुटला आणि सोडला. पण त्या फरकात माणूस पार बुडतो. सुनीलशी लोक बोलेनासे झाले. कारखान्यात जोडीचा कारागीर जागा बदलून गेला. दिनेशने भाओजींची बाजू घेतली तर लोक आणखी हसायचे, म्हणून तोही गप्प.

पुढच्या सुपारीच्या आधी सुनीलची बायको उज्ज्वला नानांकडे आली. मी तिथे खुर्च्यांचं विचारायला गेलो होतो. ती उभ्यानेच बोलली. "नाना, या घरात तुम्हीच मला दिलं. आता त्याच नात्यावरून त्याला चोर ठरवतायत. यंदा कोणी मागितला नाही तर तो हजीऱ्याला ठेकेदाराकडे जातोय, खोली सोडून. पोरांची शाळा सोडून. तो म्हणतो, ज्या गल्लीत मान वर करता येत नाही तिथे राहायचं कशाला?"

नानांनी सुनीलला बोलावून घेतलं. तो आला, खाली मान घालून बसला. नानांनी एकच विचारलं, "सुटला का सोडला?"

"सुटला, नाना."

"बरं. जेवण झालं का?"

एवढंच. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही, ना सुनीलजवळ, ना माझ्याजवळ. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "नाना, कोणीच घेणार नाही त्याला. दिनेश घेऊ शकत नाही, घेतला तर लोकांचंच खरं होईल. बाकीचे प्रकाशला घाबरतात. तुम्ही सांगून टाका ना कोणाला तरी." नाना माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले जसं काही मी मंडपाचा खांब उलटा रोवलाय. "उपकार म्हणून दिलेली पोरगी सासरी कशी राहते, दखेल शे का तुनी? मागणी आली पाहिजे."

त्या रविवारी पटांगण भरलं होतं. पंगतीमागून पंगती झाल्या, अडकित्ता वाजत राहिला. रमेशसुद्धा पहिल्या काही फेऱ्यांतच गेला, पोटासकट. सुनीलला नानांनी समोर बसवलं, नेहमीसारखी ओळख करून दिली. कप्तान पोह्यातले शेंगदाणे शोधायला लागले. तो उठून मागे जाऊन बसला. उज्ज्वला फाटकाबाहेर बायकांत उभी होती. नानांसमोर चहा ठेवलेला. त्यांनी कपाला हात लावला नव्हता.

शेवटच्या फेरीआधी नानांनी सगळ्यांना थांबवलं. "पाणी प्या जरा." आणि मला हाक मारली, "ओ मंडप, इकडे ये." मी जवळ गेलो. त्यांनी माझी मान खाली ओढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नानांना कुजबुजताना ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, नुसते ओठ हलत होते, अर्धं मी अंदाजाने समजून घेतलं. दोन वेगळी स्थळं एकाच दिवशी बोलवायची, ही त्यांची जुनी युक्ती. पण हे काम त्यांना स्वतः जमणारं नव्हतं. त्यांनी कानात सांगितलं असतं तर पार पलीकडच्या उधन्यापर्यंत गेलं असतं.

मी खुर्ची सरकवण्याच्या निमित्ताने सलीमपाशी गेलो. सलीम दुसऱ्या संघाचा कप्तान, रिक्षा चालवतो, त्याचा विकेटकीपर यंदा गावी गेला होता. म्हटलं, "सलीमभाई, प्रकाश सुनीलला मागतोय म्हणे. सगळी बोंबाबोंब त्याच्यासाठीच होती, दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून." सलीमचे डोळे बारीक झाले. मग मी प्रकाशच्या मागची वायर नीट करायला गेलो. "प्रकाश, सलीम सुनीलला नेतोय. म्हणतो, असा कीपर अख्ख्या लिंबायतमध्ये नाही, प्रकाशला सांभाळता आला नाही." प्रकाशची मान लाल झाली. मी ती वायर उगाच सोडून पुन्हा जोडली.

नाना उठून उभे राहिले. "सुनील. मागणी शे का कोनी?"

सलीमचा हात वर गेला. तो पुरता वर जायच्या आत प्रकाशचाही गेला.

सुनीलने वर पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याचा चेहरा समोरून पाहिला असेन. नाना म्हणाले, "दोन स्थळं आली. पोराला विचारा."

सलीमकडे गेला असता तर सुखाने खेळला असता. आम्हा सगळ्यांना तेच वाटत होतं. सुनील उभा राहिला आणि म्हणाला, "प्रकाशभाऊ." प्रकाश त्याच्याकडे बघतच राहिला. नानांनी सुपारी फोडली, एक खांड इकडे, एक खांड तिकडे, आणि खाली बसून तो गार चहा एका दमात पिऊन टाकला. फाटकाबाहेर बांगड्या वाजल्याचं मी ऐकलं. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

बिंग फुटायला आठवडासुद्धा लागला नाही. सलीम आणि प्रकाश टपरीवर भेटले, तू आधी म्हणाला का मी, असं करता करता दोघांना कळलं की आधी कोणीच म्हणालं नव्हतं. दोघे आधी माझ्याकडे आले. मी तोंड लपवत त्यांना नानांकडे नेलं. प्रकाश तापलेला होता. "नाना, तुम्ही आम्हाला फसवलं."

नाना म्हणाले, "बरं. मग परत करतोस का त्याला?"

प्रकाश दाराशी उभा राहून विचार करत राहिला. नाना घाई करत नव्हते. शेवटी तो म्हणाला, "नाही."

"मग बस. चहा घे."

त्या वर्षी प्रकाशचा संघ सेमीफायनलला हरला. आणि गंमत म्हणजे त्यातही सुनीलच्या हातून एक कॅच गेला, पुन्हा प्रकाशच्याच बोलिंगवर. बॉल जमिनीवर पडला तशा सगळ्यांच्या माना प्रकाशकडे वळल्या. सुनील गुडघ्यावर बसून राहिला. प्रकाश कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभा होता. मग तिथूनच मोठ्याने म्हणाला, "सुटला, सुटला. ऊठ, चल पुढचा बॉल." नाना माझ्या शेजारी होते. त्यांना हे ऐकू आलं की नाही ठाऊक नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "नाना, प्रकाश सुटला म्हणाला." ते म्हणाले, "हां, मग? सुटेलच व्हता तो." आणि बटव्याची दोरी ओढून बसले.

पुढच्या वर्षी नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. मुलाने त्यांना कोसाडच्या सरकारी आवासात, आपल्या घरी नेलं. पोरं म्हणाली, यंदा सुपारी कशी करायची? सुनील आता कप्तान झाला होता. तो म्हणाला, "कशी म्हणजे? तिकडे जाऊन." मी खुर्च्या टेम्पोत भरल्या आणि नानांच्या बिल्डिंगखाली मांडल्या. कोसाडचे लोक गॅलरीतून बघत होते, कोणाचं लग्न आहे म्हणून.

नानांना खुर्चीवर बसवून खाली आणलं. टोपी नीट, शर्ट पांढरा. बोलणं जडावलेलं. अडकित्ता डाव्या हातात धरून पाहिला, दाबता येईना. त्यांनी तो सुनीलपुढे केला. सुनीलने पहिली सुपारी फोडली ती वेडीवाकडी फुटली, एक तुकडा माझ्या पायाशी आला. नाना डाव्या बाजूने हसले.

शेवटच्या फेरीला एकच जण राहिला. साक्रीकडून नुकताच आलेला पोरगा, कोणाच्या ओळखीचा नाही, कसा खेळतो कोणाला माहीत नाही. घरी कोण कोण आहे विचारलं तर म्हणाला, इथे कोणीच नाही. खुर्चीवर तो अगदी ताठ बसला होता. कोणी हलेना. नानांसमोरच्या चहावर साय धरली होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ होती. मी उठलो, खुर्ची सरकवायच्या निमित्ताने सलीमच्या दिशेने निघालो.

मी दोन पावलंही गेलो नसेन, सुनीलने हात वर केला. त्याच्याबरोबरच पलीकडून प्रकाशनेही.

मी मागे वळलो. नाना कधी त्या दोन हातांकडे, कधी माझ्याकडे बघत होते. मी जवळ गेलो तशी त्यांनी डाव्या हाताने माझी मान खाली ओढली. शब्द जड होते, तरी समजले.

"कोनी सांगं यास्ले?"

"यांना कोनीच नही सांगं, नाना. मी तर पोहोचलोच नव्हतो."

त्यांनी माझी मान सोडली नाही. पुन्हा एकदा त्या दोघांकडे पाहिलं, त्या साक्रीच्या पोराकडे पाहिलं. मग डाव्या हाताने कप उचलला. थोडा चहा शर्टावर सांडला. मी आधार द्यायला गेलो तर त्यांनी डोळ्यांनीच मला बाजूला केलं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत चहा पिऊन रिकामा कप माझ्या हातात दिला.